आनुवंशिकतेच्या धड्याआधी

प्रभू, सोमवारी पहिल्या तासाला मला दुसऱ्या वर्षाच्या वर्गात आनुवंशिकता सुरू करायची आहे. सुरुवात मेंडेलच्या वाटाण्यांपासून होईल आणि आठवडा संपेपर्यंत आम्ही सिकलसेलशी पोचू. दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात सिकलसेल म्हणजे पुस्तकातलं एक उदाहरण, पाच गुणांचा प्रश्न. नंदुरबारात तसं नाही. माझ्यासमोर नवापूरची मावची मुलं असतात, धडगावची पावरा, अक्कलकुव्याची वसावे आणि तडवी, तळोदा-शहाद्याकडची भिल्ल. कुणाच्या घरात पिवळं कार्ड आहे, म्हणजे वाहक. कुणाच्या घरात लाल, म्हणजे प्रत्यक्ष आजार. कुणी तपासणीच्या दिवशी मुद्दाम घरी राहिलेलं असतं, कारण कार्ड हातात आलं की लग्न जमायचं नाही अशी धास्ती असते. हे सगळं तू जाणतोस. तरी मी ते तुझ्यापुढे मांडते, कारण सोमवारी फळ्यासमोर उभी राहण्याआधी मला तुझ्यासमोर उभं राहायचं आहे.

मी अहमदनगर कॉलेजात शिकले. देश स्वतंत्र झाला त्याच १९४७ साली भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी ते सुरू केलं होतं. ख्रिस्ती माणसांनी उभारलेल्या त्या कॉलेजात एका सरांनी मला डार्विन शिकवला, आणि तो पुरता शिकवला. परीक्षेपुरतं वाचा, मनावर घेऊ नका, असं म्हणून त्यांनी ते प्रकरण बाजूला सारलं नाही. हे सर रविवारी मंडळीत पहिल्या ओळीत बसत. नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरून, मावची उपासनेतून गेलेल्या मला ते दोन्ही एकाच माणसात पाहायला मिळालं, याबद्दल तुझे आभार मानते. विश्वास आणि विद्या यांचा मेळ कसा घालावा यावर मी पुढे पुष्कळ वाचलं. पण माझ्या मनात तो मेळ म्हणजे ते सर आहेत: खडूने माखलेली बोटं, आणि वर्गातून कुणीही विचारलेल्या प्रश्नाला घाई न करता दिलेलं उत्तर.

आता मी शिकवते ते कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं नाही. इथे तासाआधी प्रार्थना नाही, भिंतीवर वचन नाही, आणि ते असावं असं मी मागतही नाही. पण तू कॉलेजच्या फाटकाशी थांबतोस आणि साडेपाचला मी बाहेर आले की पुन्हा भेटतोस, असं मला जगता येणार नाही. म्हणून विचारते, तुझं नाव न घेता तुझ्याशी प्रामाणिक राहून शिकवायचं म्हणजे काय करायचं? आणि जिथे तुझं नाव मोकळेपणाने घेता येतं, त्या विल्सनच्या, झेवियर्सच्या, हिस्लॉपच्या, नगरच्या ख्रिस्ती कॉलेजांच्या वर्गांतल्या माझ्या बंधुभगिनींनी तरी काय करायचं? धड्याच्या मागे एक प्रार्थना आणि पुढे एक वचन जोडलं की धडा तुझा होतो का? मला तसं वाटत नाही. धडा खोटा असेल, अर्धवट असेल, मुलाला घाबरवणारा असेल, तर पुढेमागे काहीही जोडलं तरी तो तुझा होत नाही.

मेंडेलबद्दल तुझे आभार. ब्रनोच्या मठातला हा ऑगस्टिनियन संन्यासी शिक्षक होण्याची परीक्षा दोनदा देऊन उत्तीर्ण झाला नाही, १८५० मध्ये आणि पुन्हा १८५६ मध्ये. तरी बदली शिक्षक म्हणून तो मुलांना शिकवत राहिला आणि मठाच्या बागेत वर्षानुवर्षं वाटाणे लावत राहिला. एका प्रयोगात त्याने दाणे मोजले: गोल ५४७४, सुरकुतलेले १८५०. तीनास एक, पण अगदी तीन नाही. आकडा आला तसा त्याने लिहिला. १८६६ मध्ये निबंध छापला, १८८४ मध्ये तो वारला, आणि त्या निबंधाचं मोल जगाच्या लक्षात यायला १९०० साल उजाडावं लागलं. हे मी वर्गात सांगेन तेव्हा तो तुझा सेवक होता हेही सांगेन, कारण ते खरं आहे. आणि १९३६ मध्ये फिशर या संख्याशास्त्रज्ञाने त्याच्या आकड्यांवर शंका घेतली, ते नको इतके जुळतात असं म्हटलं, हेही सांगेन, कारण तेही खरं आहे. आपला माणूस म्हणून त्याच्यावर पांघरूण घालायची मला गरज वाटू देऊ नकोस. तुझी बाजू सांभाळण्यासाठी कुणी काही लपवावं, अशी तुझी अपेक्षा असेल हे मला पटत नाही.

मग रक्ताकडे वळायचं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, आणि तेवढ्याने प्राणवायू कमी पडला की गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मूल रात्रभर हाडं धरून रडतं. यातला प्रत्येक शब्द मला नीट उच्चारता येऊ दे. लिनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं की आजार रेणूत असतो. मानवी दुःखाचं मूळ इतकं नेमकं सापडावं याने मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा गप्प झाले होते. ते आश्चर्य माझ्या आवाजात शिल्लक राहू दे, कितीही वर्षं हे प्रकरण शिकवलं तरी.

प्रभू, तुझ्या शिष्यांनी जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाकडे बघून तुला विचारलं होतं, की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं. तो प्रश्न सातपुड्यात अजून विचारला जातो. मुलाचे हातपाय सुजतात, डोळे पिवळे पडतात, दर थंडीत दुखणं उलटतं, तेव्हा कुणी भगताकडे नेतं, कुणी एखाद्या बाईला डाकीण ठरवतं. २०१३ साली राज्याने जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, तरी ती कुजबुज कुडाच्या भिंतींआड चालूच राहते. आणि पुष्कळ घरांत सगळ्यांची बोटं एकीकडेच वळतात: सुनेकडे. तिने माहेरहून आणलं, तिच्या रक्तात होतं. तू त्या दिवशी सांगितलंस की पाप याचंही नाही आणि याच्या आईबापाचंही नाही. मग तू वाकलास, थुंकीने माती कालवलीस, त्याच्या डोळ्यांना लावलीस आणि त्याला धुवायला पाठवलंस.

सोमवारनंतर कधीतरी मी फळ्यावर चार चौकटींचा चौकोन काढेन. एका बाजूला बापाची दोन जनुकं, दुसऱ्या बाजूला आईची दोन. दोघंही वाहक असतील तर मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, पूर्ण मोकळं राहण्याची चारात एक. एक जनुक बापाकडून, एक आईकडून, कमी-जास्त कुणाचंच नाही. आणि ही शक्यता प्रत्येक बाळंतपणाला नव्याने तेवढीच असते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली असं होत नाही, हे मुलांच्या मनात रुजवायला मला वेळ द्यावा लागतो, कारण घरोघर हाच हिशोब चुकतो. हा चौकोन काढताना माझा हात स्थिर असू दे. तो बघून एखादी मुलगी घरी जाईल आणि वीस वर्षं टोमणे ऐकलेल्या आपल्या आईला सांगेल की दोष तुझा एकटीचा नव्हता, दोष मुळी कुणाचाच नव्हता. मेंडेलचा नियम आणि तुझं ते उत्तर तिच्या तोंडी एकच होऊन जाईल, आणि तिला ते कुणाचं आहे हे माहीतही नसेल. मला ते चालेल. तुलाही चालेल असा माझा विश्वास आहे.

पण त्या उत्तरात तू पुढेही काही म्हणाला होतास, देवाची कामं याच्या ठायी दिसावीत असं. ते तू म्हणालास आणि लगेच बरंही केलंस. माझ्या हाती तसं बरं करणं नाही. म्हणून ते वाक्य आजारी मुलाच्या उशाशी बसून उच्चारण्याचा मोह माझ्यापासून दूर ठेव. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याबरोबर जमिनीवर मुकाट बसले होते तोवर चांगले होते. ते बोलायला लागले, देवाच्या वतीने सगळं समजावून द्यायला लागले, आणि शेवटी तुझा कोप त्यांच्यावर झाला. मला पहिल्या सात दिवसांतलं मित्रपण दे.

इथे मला आमच्याच घराबद्दल बोलायचं आहे. आमच्या मंडळ्यांत कुठे कुठे अशा सभा होतात, जिथे आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि मग सांगतात की गोळी बंद कर, गोळी खाणं म्हणजे अविश्वास. प्रभू, माझं मन याने जळतं. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी दुखण्याचे झटके कमी करते, फॉलिक आम्लाची गोळी नवं रक्त बनायला मदत करते. या गोळ्या ज्यांनी शोधल्या त्यांना बुद्धी कुणी दिली? लूक वैद्य होता, आणि तू त्याच्याकडून शुभवर्तमान लिहून घेतलंस. चिंचपाड्याचं ख्रिस्ती हॉस्पिटल देश स्वतंत्र व्हायच्या आधीपासून आमच्या तालुक्यात उभं आहे. तिथे प्रार्थनाही होते आणि रक्ताची चाचणीही होते. सभा घेणाऱ्या त्या माणसांना मी शत्रू समजू नये. पुष्कळांचं प्रेम खरं आहे, रात्र रात्र ते आजाऱ्याजवळ बसतात, दवाखाना लांब आणि गाडी नसताना तेच बसतात. त्यांच्या प्रेमाला ज्ञान मिळू दे. आणि माझ्या ज्ञानाला त्यांच्याइतकं रात्री जागणं मिळू दे.

आणखी एक गाठ आहे, ती सुटत नाही, म्हणून तशीच तुझ्यापुढे आणते. १९५४ मध्ये ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या मुलांच्या अभ्यासातून दाखवलं की सिकलसेलचं एकच जनुक असलेल्याला हिवतापापासून संरक्षण मिळतं. म्हणजे जंगलाच्या ज्या पट्ट्यांत हिवतापाने पिढ्यान् पिढ्या मुलं नेली, तिथे हा बदल टिकला तो जीव वाचवत टिकला. ज्या बदलाने माझ्या पूर्वजांपैकी कुणाला तरी तापातून तारलं असेल, तोच दोन्ही बाजूंनी आला की आज एखाद्या मुलाला अंथरुणाला खिळवतो. वर्गातली हुशार मुलं इथे हात वर करतात. विचारतात, मॅडम, मग हे चांगलं की वाईट? मी त्यांना निसर्गनिवड समजावते, आणि ती तिच्या जागी पूर्ण आहे. पण त्यांचा प्रश्न तिथे थांबत नाही आणि माझाही थांबत नाही. हे तुझ्या योजनेत कुठे बसतं ते मला दिसत नाही. ते बसवून दाखवायची हुशारी मला देऊ नकोस. मुलांपुढे मी म्हणेन, इतकं आपल्याला कळलं आहे आणि इथून पुढे मलाही कळलेलं नाही. तेवढं म्हणायचं बळ दे. बारा वर्षांचा तू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होतास आणि प्रश्न विचारत होतास. तुला प्रश्नांचं भय नव्हतं, तर तुझ्या नावाने शिकवणाऱ्यांना ते का असावं?

आमच्या आधी या वाटेने गेलेल्यांची आठवण करते. स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून शुभवर्तमान सांगायला नागपूरला आले आणि सुट्टीच्या दिवसांत हातोडी घेऊन खडक फोडत हिंडले. बेसाल्टच्या थरांमध्ये दबलेले गोड्या पाण्यातल्या शंखशिंपल्यांचे आणि वनस्पतींचे अवशेष त्यांनी गोळा केले. खडकांनी जे सांगितलं ते लिहिलं, आपल्याला हवं ते त्यांच्याकडून वदवून घेतलं नाही. गोंडांची गाणी आणि शब्दही त्यांनी टिपून ठेवले. १८६३ च्या सप्टेंबरात नागपूरजवळ जुन्या दफनभूमीचं उत्खनन बघून परतताना भरलेला नाला ओलांडताना ते बुडाले. तीन वर्षांनी त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी छापले, आणि वीस वर्षांनी त्यांच्या नावाचं कॉलेज निघालं. मुंबईच्या झेवियर्समध्ये फादर सांतापाव होते, खंडाळ्याच्या डोंगरातलं झाडझुडूप त्यांनी नोंदवलं, पुढे भारताच्या वनस्पती सर्वेक्षणाचे ते प्रमुख झाले. फादर ब्लॅटर यांच्या नावाचा वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह तिथे आजही आहे. या माणसांची प्रार्थना आणि त्यांचं निरीक्षण यांत मला शिवण दिसत नाही. शलमोनाविषयी लिहिलं आहे की तो लबानोनच्या गंधसरूपासून भिंतीत उगवणाऱ्या एजोबापर्यंत सगळ्या झाडांविषयी बोलत असे. भिंतीतलं रोपटंही त्याच्या शहाणपणात मोजलं गेलं.

आमच्या इथला काळा दगडही तोच आहे, हिस्लॉपांनी फोडला तो. तोरणमाळच्या कड्यावर उभं राहिलं की लाव्ह्याचे थर पायऱ्यांसारखे दिसतात. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे ते आहेत. आमच्या मंडळीतली एक वडीलधारी बाई मला विचारते की उत्पत्तीच्या पुस्तकात तर सहा दिवस आहेत, तू पोरांना हे काय शिकवतेस. तिला मी उत्तर देते, पण ती माझ्या आजीसारखी आहे, तिने मला पहिली प्रार्थना शिकवली, त्यामुळे उत्तर देताना माझा आवाज तिच्यावर चढू नये. तिला तुझी ओळख माझ्यापेक्षा जुनी आहे. आणि वर्गात तिची समजूत राखण्यासाठी मी एकही कोटी वर्षं कमी करू नये. या दोन्ही निष्ठा मला एकाच दिवशी पाळायच्या असतात. कधी कधी त्याच दुपारी.

आता ज्यांना तू माझ्याकडे पाठवतोस त्यांच्याविषयी. त्यांतले बरेच तुझ्या नावाने प्रार्थना करत नाहीत. महाशिवरात्रीला ते डोक्यावर टोपली घेऊन देवमोगऱ्याला याहामोगी देवीच्या दर्शनाला जातात, काठी गावच्या होळीत रात्रभर नाचतात. एकाच पाड्यात एक घर चर्चला जातं आणि शेजारचं घर जुने देव पाळतं, आणि अलीकडे त्या दोन घरांमध्ये संशयाची भिंत वाढते आहे. ती वर्गात येऊ देऊ नकोस. राज्यघटनेच्या २८व्या कलमाने सांगितलं आहे की पूर्णपणे सरकारी पैशाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण द्यायचं नाही, आणि अनुदानित वा मान्यताप्राप्त संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीविना, तो अजाण असेल तर पालकांच्या संमतीविना, उपासनेला बसवायचं नाही. हे कलम मला अडचण वाटत नाही. ज्या श्रद्धेला बाकावर बांधून ठेवलेला श्रोता लागतो ती तुझ्याकडून आलेली नाही. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा तू त्याच्यामागे धावला नाहीस, आणि त्याच्यावर तुझी प्रीती होती असंही तिथे लिहिलं आहे.

जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. पण त्या शाळेच्या बाकावर त्यांच्या हाती जे आलं त्याने त्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाईंनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले. मिशनच्या अहवालात हे दोघं कोणत्या रकान्यात बसले असते? कोणत्याच नाही. आणि तरी महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती शिक्षणाचं याहून मोठं फळ मला दाखवता येत नाही. मुलं किती जवळ आली, किती दुरावली, हे मोजण्याची सवय आमच्या संस्थांना लागली असेल तर ती काढून घे. मी शिकवलेली पावरा मुलगी याहामोगीला नवस बोलून परीक्षेला बसेल, नर्स होईल, आणि रात्रपाळीत एखाद्या लाल कार्डवाल्या मुलाला वेळेवर सलाईन लावेल. त्या रात्री ती तुझंच काम करत असेल. मी ते तिला सांगायला जाणार नाही.

नंदुरबारात एस. ए. मिशनची शाळा आहे. समुद्रापलीकडून आलेल्या मिशनरींनी शंभर वर्षांपूर्वीच्या पश्चिम खानदेशात, जेव्हा इथल्या आदिवासी मुलाने पाटी हातात धरावी असं फार थोड्यांना वाटत होतं, तेव्हा काम सुरू केलं. त्यांच्याबद्दल तुझे आभार. त्यांनी सगळंच बरोबर केलं असं मी म्हणत नाही. आमचे ढोल आणि आमची गाणी त्यांच्या काळात पुष्कळ घरांतून मुकी झाली, आणि काही आता मंडळीत परत येताहेत. पण त्यांच्यामागून आलेल्यांच्या श्रमांनी तुझं वचन मावचीत छापलं गेलं. माझ्या आईला ते ऐकताना पाहिलंय मी. देव आपल्या घरातल्यासारखा बोलतो, असं तिचा चेहरा सांगत होता. जीवशास्त्राचं पुस्तक मात्र मावचीत नाही, पावरीत नाही, आणि मुलांना मराठीतून इंग्रजी शब्द पाठ करावे लागतात. डोंगरातल्या झाडांची नावं, त्यांचा बहर, कुठल्या सालीचा काढा कशाला, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक असतं, आणि तरी ती वर्गात मान खाली घालून बसतात, जणू त्यांना काहीच येत नाही. एदेन बागेत नावं द्यायला तू प्राण्यांना माणसाकडे आणलंस, आणि त्याने ठेवलं तेच नाव राहू दिलंस. माझ्या वर्गातल्या मुलांनी ठेवलेली नावं मी फळ्यावर लिहीन, लॅटिन नावाच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

माझं स्वतःचं कार्ड पिवळं आहे, हे तुला माहीत आहे. वर्गाला माहीत नाही. गेली काही वर्षं हा धडा शिकवताना मी आपल्याला वेगळं ठेवून बोलत आले, जसं कुठल्याही शिक्षकाने बोलावं. यंदा मनात येतं की चौकोन काढून झाल्यावर सांगावं, या फळ्यावर जे वाहक लिहिलंय ती मी आहे, माझं लग्न झालं, आधी दोघांची तपासणी करून झालं, आणि मी तुमच्यासमोर धडधाकट उभी आहे. त्याने एखाद्याची भीती जाईल. पण मी सांगितलं की इतरांवर सांगण्याचं दडपण येईल, आणि कुणाचं कार्ड कोणत्या रंगाचं हे विचारण्याचा अधिकार वर्गात कुणालाच नाही, मलाही नाही. माझं उघड बोलणं कुणाचं गुपित ओढून काढणारं होऊ नये. त्या क्षणी काय करावं ते त्या क्षणी दाखव. आत्ता उत्तर नको.

आणि काही साधी मागणी आहे. दिवाळी झाली की आमच्या गावांतून माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि हजेरीपटावरची नावं एकेक करून गळतात. त्यांतलं कुणी आजारी असेल तर पहाटेची थंडी, दिवसभराची तहान आणि मोळीचं ओझं हे सगळं त्याच्या रक्ताला वैरी आहे. त्याला पाणी प्यायची उसंत मिळू दे, आणि मुकादमाला दया दे. सरकारने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवलं आहे. धडगावच्या पाड्यांत पायी चढून जाणाऱ्या आशाताईंचे आणि नर्सबाईंचे पाय सांभाळ, कारण ते उद्दिष्ट त्यांच्याच पायांनी गाठायचं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या संपू देऊ नकोस.

मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसणाऱ्या त्या मुलीला या परीक्षेच्या दिवसांत दुखणं उलटू देऊ नकोस. पर्यवेक्षकाने तिला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, दोनदा बाहेर जाऊ द्यावं, यासाठी मी अर्ज लिहिला आहे. तो मंजूर होऊ दे. शनिवारी कॉलेजात तपासणीचं शिबिर आहे. बोटातून थेंबभर रक्त, सोल्युबिलिटी चाचणी, आणि ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिससाठी नमुना. ज्यांना यायचं आहे त्यांना धीर दे, ज्यांना अजून यायचं नाही त्यांना कुणी नावं ठेवू नयेत असं कर. आणि ज्यांचा निकाल लाल येईल, त्यांच्याशी पहिल्यांदा बोलणारा माणूस दयाळू असू दे. तो माणूस मी असेन तर मला शब्द कमी दे आणि वेळ भरपूर दे.

हे सगळं तुझ्याच नावाने मागते. आमेन.